कुलपाची डावी बाजू

या फुटबॉल क्लबच्या प्रेक्षकांना एक खोड आहे. विरुद्ध संघाचा खेळाडू चेंडू घेऊन माझ्या दादाच्या अंगावर यायला लागला की ते खिशातल्या किल्ल्या काढून वाजवतात. घराच्या, सायकलच्या, दुकानाच्या, ज्याच्याकडे ज्या असतील त्या. कारण इथे दादाला कुलूप म्हणतात. 'ये, उघडून दाखव,' असा त्या आवाजाचा अर्थ. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं होतं, स्टेडियमचं पत्र्याचं छप्पर निखळतंय.

त्या रविवारीही किल्ल्या वाजत होत्या. समोरून सुई येत होता. आधीच्या देशात तो आणि दादा एका संघात होते, एकाच घरात राहायचे. फट दिसली की हा पलीकडे, म्हणून त्याचं नाव सुई. आता तो समोरच्या संघात होता. तो दादाच्या डाव्या बाजूने निघून गेला. फार जोरात पळतही नव्हता. दादा मात्र बसची वाट बघत असल्यासारखा उभा राहिला आणि गोल झाल्यावर वळला.

किल्ल्या थांबल्या. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाल्या, पण आता संथ, एका ठेक्यात, एखाद्याला हाकलून लावताना वाजवाव्यात तशा. माझ्या मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "कुलूप झकास आहे हो. किल्ली कितीला विकली तेवढं विचारा."

आजूबाजूचे हसले. मला मान वर करता येईना. कारण सामन्याआधी मी एक गोष्ट पाहिली होती. खेळाडूंच्या बसमागे सुईने दादाच्या हातात एक लहानसं पुडकं ठेवलं होतं. दादाने ते उघडूनसुद्धा न बघता जॅकेटच्या आतल्या खिशात सरकवलं आणि आजूबाजूला पाहिलं, मान पूर्ण वळवून, आधी इकडे, मग तिकडे. आमच्या संघाचा गोलकीपर जवळच बूट झटकत होता. त्याने ते पाहिलं. मी पाहतेय, हेही त्याने पाहिलं.

माझी रसायनशास्त्रातली पीएच.डी. झाली होती, पुढच्या नोकरीला अवकाश होता, म्हणून मी काही महिने दादाकडे राहायला आले होते. आईने निघताना बजावलं होतं, "लक्ष ठेव गं त्याच्यावर. काही दुखलं-खुपलं तर सांगायचा नाही तो." आईला अभिप्रेत होतं ते लक्ष वेगळं. त्या रविवारनंतर मी जे ठेवायला लागले ते वेगळं.

दादाचा हा पाचवा देश. पहिल्या देशात तो धडक द्यायला शिकला, दुसऱ्यात धडक न देता वाट बघायला. तिसऱ्या देशात तो बहुतेक बाकावरच बसला. तिथे आपण स्वयंपाक शिकलो असं तो सांगतो. चौथ्यात सुई भेटला. नव्या देशात गेला की तो आधी चार शब्द शिकायचा: डावीकडे, उजवीकडे, मागे, बाहेर. 'धन्यवाद' पाचवा. बचावपटूला तोंड बंद ठेवून चालत नाही. पाठीमागचा माणूस ज्याला दिसतो त्याने ओरडायचं, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. लहानपणी अंगणात मोठ्या भावंडांविरुद्ध आम्ही दोघं खेळायचो तेव्हा माझं काम तेवढंच होतं. दादा चेंडूवर लक्ष ठेवायचा आणि मी त्याच्या मागून किंचाळायचे, "डावीकडे, दादा!" कधी चुकून गप्प राहिले तर तो दिवसभर माझ्याशी बोलायचा नाही.

दुसरा नियम संशयाचा. "समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही," तो सांगायचा. "डोळे थापा मारतात. कंबर बघ. कंबर जिकडे, माणूस तिकडे."

म्हणून मी त्याची कंबर बघायला लागले.

घर क्लबने दिलेलं होतं. फर्निचरही क्लबचंच, प्रत्येक खुर्चीखाली आकड्याची चिठ्ठी. आईकडे असताना दादा नेहमी टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बसायचा असं मला आठवत होतं. आता तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत होता, डावा खांदा भिंतीला लावून. तिथे उजेड कमी. फोनही तो उजव्या हातात तोंडाच्या उजवीकडे धरून वाचायचा, माझ्यापासून लांब. सकाळी आणि झोपायच्या आधी बाथरूमचं दार लावून नळ सोडायचा, आणि एवढं पाणी वाहूनही बाहेर यायचा तो कोरड्या तोंडाने.

"काय करतोस रे आत?"

"गाणं म्हणतो."

"ऐकू नाही येत."

"म्हणून तर नळ सोडतो. शेजाऱ्यांवर दया."

हसला. मला प्रयोगशाळा म्हणत त्याने डोक्यावर टपली मारली आणि निघून गेला. एरवी मीही हसले असते.

मंगळवारी क्लबच्या कँटीनमध्ये गोलकीपर माझ्यासमोर ताट घेऊन बसला. इथली भाषा मला कामापुरती येत होती, आणि त्याला जे सांगायचं होतं ते कळायला तेवढी पुरेशी होती.

"तुमच्या भावाला एक विचारा. मी ओरडलो होतो की नव्हतो?"

"कधी?"

"कधी म्हणे! सुई आला तेव्हा. 'डावीकडे' म्हणून घसा फोडला मी. हा ढिम्म. शाळेतलं पोर वळलं असतं."

"किल्ल्या वाजत होत्या. नसेल ऐकू आलं."

"नसेल," त्याने पावाचा तुकडा मोडला. "आणि दिसलंही नसेल? सात हात लांब होता तो. ताई, मी गोलकीपर आहे, मला मागून सगळ्यांच्या पाठी दिसतात. पाठ खोटं बोलत नाही. त्या दिवशी तुमच्या भावाची पाठ म्हणत होती, जा बाबा, जा."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो जे बोलत होता तेच माझ्या डोक्यात दोन दिवस चाललं होतं, फक्त त्याने पाव खात खात मोठ्याने म्हटलं. उठताना तो म्हणाला, "मॅनेजरसाहेबांना पुडक्याचं सांगितलंय मी. तुम्ही तिथे होतात हेही. राग मानू नका."

मानला मी राग. घरी जाऊन जुन्या सामन्यांचे व्हिडिओ लावून बसले. निदान एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, एवढी तरी शिस्त शिकले होते. मोसमाच्या सुरुवातीला दादा खरोखर कुलूप होता. मग एका सामन्यापासून गोल सुटायला लागले, आणि बहुतेक सगळे त्याच्या डाव्या खांद्याजवळून. वेगवेगळे संघ, वेगवेगळे फॉरवर्ड, वाट तीच. म्हणजे सुई पहिला नव्हता. त्या सामन्यापासून कुणीतरी दादाला गाठलं असणार, असं मला वाटलं.

त्याच सामन्यात आणखी एक बदल झाला होता, पण तेव्हा मी त्याला महत्त्व दिलं नाही. दादाच्या डावीकडे खेळणारा बडबड्या त्या दिवशी पायाला लागून बाहेर गेला होता. बडबड्या नावाप्रमाणेच, सामनाभर त्याची टकळी चालू, चेंडू दुसऱ्या टोकाला असला तरी. त्याच्या जागी आलेला नवा मुलगा गुणी आणि मुका.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. गुरुवारी क्लबच्या वकीलबाई चौकशीला येणार आहेत, दादाबरोबर मीही यावं. आवाज सभ्य होता. "काळजीचं काही नाही," तो म्हणाला, म्हणजे होतं. दादाचा करार या मोसमाबरोबर संपत होता आणि दोन वर्षांच्या नव्या करारावर त्याच आठवड्यात सही व्हायची होती. चौतिसाव्या वर्षी बचावपटूला दुसरा क्लब विचारत नाही. ही सही झाली तर आणखी दोन वर्षं मैदान, नाही तर सामान बांधायचं.

मी फोन ठेवला तेव्हा दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत होता. मी सफरचंद कापून बशी घेऊन गेले. खुर्ची आज भिंतीपासून थोडी सरकलेली होती, त्यामुळे मी डावीकडच्या फटीत उभी राहिले आणि बशी पुढे केली.

त्याने घेतली नाही. पान उलटलं.

चिडलाय, असं वाटलं. मॅनेजरशी बोलताना त्याने ऐकलं असणार. मी बशी तशीच धरून ठेवली, बघू किती वेळ दुर्लक्ष करतो ते. माझा हात त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुर्लक्ष करणारा माणूस थोडा ताठ होतो. हा तसाही झाला नाही. तो पेपर वाचत होता, एवढंच. खोलीत एकटा असल्यासारखा.

मी बशी अगदी सावकाश पुढे सरकवायला लागले. कानासमोरून, गालासमोरून. भुवईच्या टोकाच्या बरीच पुढे आली तेव्हा तो दचकला.

"अरे! कधी आलीस?"

मी बशी मागे नेली. "आता?"

"आता काय?"

"दिसतेय?"

त्याने पेपर खाली ठेवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "प्रयोगशाळे, दार लाव."

दार लावण्यासारखं घरात दुसरं कुणी नव्हतं. तरी मी लावलं.

मागच्या मोसमाच्या शेवटी, सरावात, सुईने जवळून मारलेला चेंडू दादाच्या डाव्या डोळ्यावर बसला होता. डोळ्याचा पडदा कडेला फाटला. सुट्टीत त्याने गुपचूप ऑपरेशन करून घेतलं, पण डाव्या कडेचं दिसणं परत आलं नाही. आम्हाला घरी त्याचा सुईबरोबर गच्चीतला फोटो आला होता, दोघांच्या डोळ्यांवर काळे गॉगल, 'समुद्रावर मजा करतोय' म्हणून. आई म्हणाली होती, भाजून काळा होशील. तो ऑपरेशननंतरचा फोटो होता. समोरचं त्याला आजही स्वच्छ दिसतं. या क्लबच्या डॉक्टरांनी तपासताना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, ती त्याने शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. डाव्या कडेचं दिसतं का, हे कुणी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

"आणि पुडकं?"

"थेंब. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून. इथल्या दुकानातून घेतले तर संध्याकाळपर्यंत गावभर. सुई त्याच्या शहरातल्या डॉक्टरांकडून आणतो."

नळ, कोरडं तोंड, कोपऱ्यातली खुर्ची. एकेक वस्तू आपापल्या जागी जाऊन बसली. बडबड्याही. तो होता तोवर दादाला डावी बाजू कानाने दिसत होती. तो गेला, नवा मुलगा बोलेना. उरला गोलकीपर, आणि त्याचा आवाज आमच्याच लोकांच्या किल्ल्यांनी खाल्ला.

मला सुटल्यासारखं वाटलं. माझा भाऊ विकला गेलेला नव्हता. पण लगेच दुसरी कळ आली.

"हे फक्त सुईला माहीत होतं?"

"हं."

"आणि तो डावीकडूनच गेला."

दादाने सफरचंदाची फोड उचलली, परत ठेवली.

"फसवलं त्याने तुला, दादा."

"दुपारी जुने सामने लावून बसली होतीस, त्यात बाकीचेही डावीकडूनच गेले ना? त्यांना कुणी सांगितलं होतं? फट होती. फॉरवर्डला फट दिसते."

"त्याला आधीपासून दिसत होती."

"थेंब त्यानेच आणले, गोलही त्यानेच मारला," तो म्हणाला. "मला दोन्हींतलं एकच निवडायला सांगू नकोस."

जन्मभर प्रत्येकाच्या कमरेवर नजर ठेवलेला माणूस एका जागी मुद्दाम डोळा मिटून घेत होता. मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

बुधवारी रात्रीचं जेवण झालं. मग तो म्हणाला, "पुडक्यात घोट्याला बांधायच्या पट्ट्या होत्या. मी तसं सांगणार आहे."

"मी खोटं बोलणार नाही."

"मग गप्प बस. तू आतलं पाहिलं होतंस का तेव्हा? नाही. तेवढंच सांग, ते खरंच आहे."

"ते तुला विकाऊ समजतील!"

"समजू देत. पुरावा काय? नुसत्या संशयावर कुणी करार मोडत नाही गं. डोळ्यावर मोडतात. त्याच दिवशी." त्याने ताट उचललं. "लोक किल्ल्या वाजवतील थोडे दिवस. बडबड्या पुढच्या महिन्यात परत येतोय. तो आला की मी पुन्हा कुलूप."

हिशेब चोख होता. मला त्यात चूक सापडत नव्हती, आणि तरी झोप लागली नाही.

गुरुवारी क्लबच्या खोलीत टेबल मध्यभागी होतं, भिंतीपासून लांब. दादाने आत शिरताच खुर्च्यांवर नजर फिरवली. भिंतीलगतची एकच होती आणि तिच्यावर फायलींचा ढीग होता. तो मधल्या खुर्चीत बसला. मॅनेजर समोर. तो स्वतः जुना बचावपटू, एक गुडघा वाकत नसल्यामुळे पाय लांब करून, काठी शेजारी टेकवून बसायचा. वकीलबाई दादाच्या डावीकडे बसल्या. मी दाराजवळ.

वकीलबाईंनी गोड आवाजात तासभर विचारलं. सुईशी ओळख कशी, शेवटचं बोलणं कधी, गोलाच्या वेळी काय विचार केला. प्रत्येक प्रश्नाला दादा सगळं अंग वळवून त्यांच्याकडे बघत होता. तो त्यांना मान देतोय असं वाटत असावं.

"आणि पुडकं?"

"पट्ट्या. घोट्याच्या."

"क्लबमध्ये मिळत नाहीत?"

"मिळतात. सवयीच्या नाहीत मिळत."

मॅनेजर नाकातून हसला. "खरंय. मी दहा वर्षं एकाच दुकानाचे मोजे घातले. बायको म्हणायची, लग्न त्या दुकानदाराशी करायचं होतंस."

वकीलबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही पाहिलंत?"

"देताना पाहिलं. आत काय होतं ते मला तेव्हा दिसलं नाही."

'तेव्हा' हा शब्द मी टाळू शकले नाही. त्यांनी तो ऐकला की नाही कोण जाणे. कागद एकत्र करून त्या म्हणाल्या, की हातात ठोस काही नाही, त्यांच्या बाजूने विषय इथेच संपतो. दादाच्या खांद्यातला ताण उतरलेला मला मागून दिसला. त्याचा हिशेब बरोबर निघाला होता. तो मॅनेजरकडे बघून हसला, आणि मॅनेजर कराराचा कागद पुढे ओढायला लागला.

तेवढ्यात वकीलबाई उठल्या आणि त्यांनी दादापुढे हात केला. डावीकडून.

हात तसाच राहिला. दादा समोर बघून हसत होता. वकीलबाईंची भुवई वर गेली. मॅनेजरचा कागद अर्ध्यात थांबला, त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. आत्तापर्यंत पुसला गेलेला संशय त्याच्या डोळ्यांत परत येताना मी पाहिला: गुन्हेगारसुद्धा इतका माजोरी नसतो.

"डावीकडे, दादा!"

घरच्या भाषेत, अंगणातल्या आवाजात. ठरवून ओरडले का, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

दादा गर्रकन वळला, खांद्यांसकट, जसा मैदानात वळतो. हात दिसला. त्याने तो घाईने धरला. "माफ करा मॅडम, लक्ष नव्हतं."

माझा शब्द त्या दोघांना कळला नव्हता. वळणं कळलं होतं. वकीलबाईंना नाही, मॅनेजरला. तो काठीला धरून उठला, टेबलाला वळसा घालून दादाच्या डाव्या अंगाला गेला आणि खिशातून स्टेडियमच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. मुठीत घट्ट, आवाज न करता, त्याने तो दादाच्या कानाजवळ धरला. दादा समोर बघत बसला होता. आता त्यालाही कळलं होतं की काहीतरी चाललंय. पण कुठे, ते कळत नव्हतं.

मॅनेजरने मूठ सैल केली. किल्ल्या वाजल्या. दादा वळला.

"कधीपासून?" मॅनेजरने विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मागच्या मोसमापासून."

"डोक्यावर डोकं आदळून मेला असतास, गाढवा." तो खुर्चीवर टेकला. कराराचा कागद त्याने उलटा करून ठेवला. मग हळूच म्हणाला, "सुईला माहीत होतं?"

दादाने त्याच्याकडे सरळ पाहिलं, स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्यांनी. "नाही."

मी त्याची कंबर बघितली. ती खुर्चीत अजिबात हलली नाही. इतकी छान थाप मी त्याला कधी मारताना पाहिली नव्हती.

बाहेर पार्किंगमध्ये तो माझ्याशी बोलला नाही. मी बोलावं असंही त्याला वाटत नसावं. गाडीजवळ पोचल्यावर त्याने खिशातून किल्ली काढली, क्षणभर तळहातावर धरली आणि माझ्या हातात दिली. मी गाडी सुरू केली तेव्हा त्याचा फोन वाजला. त्याने एकदा पाहिलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली.

सुईचा मेसेज होता. 'थेंब संपत आले असतील. पुढच्या आठवड्यात एक जण तिकडे येतोय, पाठवू?'

मी तो दोनदा वाचला. त्यात काही लपलंय का ते शोधलं. अपराधीपणा, साळसूदपणा, काहीही. मेसेजला कंबर नसते.

"काय लिहू?" मी विचारलं.

दादा खिडकीतून बाहेर बघत होता. कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं, रोज त्यावरून आम्ही जायचो.

"लिही, नको," तो म्हणाला. "आणि तिथे जरा थांबव. आता इथलेच घेतो."